मन्मथअप्पांच्या राखेच्या बरण्या

तुमच्या डोक्यावर आत्ता जो पंखा फिरतोय, त्याची राख कुणाच्या ताटात पडते, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मला हा प्रश्न रोज एक माणूस विचारतो. भर रस्त्यात विचारतो, तोही दुकानाच्या गादीवरून, अशा आवाजात की पलीकडच्या हॉटेलातला भजी तळणारा दचकून झारा खाली ठेवतो. त्या माणसाचं नाव मन्मथअप्पा. परळीत, कोळशावरच्या वीजकेंद्राच्या गावात, वैजनाथाच्या देवळाकडून येणारी आमची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला लागते, त्या कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान आहे. कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, अंगात पांढरा सदरा, आणि नजर कायम कुणाच्या तरी चालू दिव्यावर.

दुकानाच्या पुढच्या फळीवर काचेच्या बरण्या आहेत. पहिलीत लिमलेटच्या गोळ्या. दुसरीत खारे शेंगदाणे. तिसरीत खोबऱ्याच्या वड्या. चौथीपासून पुढे राख.

होय, राख! करडी, मऊ, पिठासारखी. आणि प्रत्येक बरणीवर अप्पांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी: ‘पंख्याची’, ‘टीव्हीची’, ‘मोबाईलची’, ‘मोटारीची’. शेवटची बरणी सगळ्यात मोठी, तिच्यावर लिहिलंय, ‘फुकटच्या दिव्यांची’.

नव्या गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी औषधी चूर्ण असेल. तो विचारतो आणि फसतो. कारण मग अप्पा गादीवरून उठतात. साखर तागडीत तशीच राहते.

“हितं कोळसा जळतो,” अप्पा सुरू करतात. “ईज जाती लांब. कुठं जाती ते तुला म्हाईत न्हाई, मला म्हाईत न्हाई. राख कुठं जाती ते मातर मला म्हाईत हाय. राख जाती गाडीत, गाडी जाती वीटभट्टीला, आन् जाता जाता ह्या कोपऱ्यावर माझ्या शेवेला मीठ लावून जाती. ही सकाळी फळीवर सापडली. बघ. हात लाव. तुझीच हाय, लाजू नको.”

“माझी कशी? मी बीडचा हाय.”

“बीडला पंखा न्हाई व्हय?”

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की फळीवरची राख एकच, मग तिची वाटणी एवढ्या बरण्यांत कशी करता? मी पत्रकं लिहिणारी मुलगी. लहानपणापासून निदर्शनांची, मोर्चांची, संपांची पत्रकं वाचत वाढले, आता स्वतः लिहिते. मला तर्क नीट लागतो. अप्पांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

“पुढारीणबाई, काल रात्री उकाडा किती व्हता? समद्यांचे पंखे फिरत व्हते. म्हणून आज पंख्याला जास्ती. परवा क्रिकेट व्हतं, तवा टीव्हीला जास्ती. ह्यात काय अवघड हाय?”

पुढारीणबाई म्हणजे मी. माझी पत्रकं ते वाचतात, मग चौकोनी फाडून त्यात शेंगदाणे बांधतात. मी चिडले की म्हणतात, “तुझं पत्रक कुणी हातात घेत न्हाई, शेंगदाण्याचं घेतात. पुडी सोडल्यावर वाचतात. म्या तुझा प्रचार करतो का न्हाई?” आणि खरं सांगायचं तर एकदा स्टेशनवर एका अनोळखी माणसाने मला माझंच वाक्य ऐकवलं होतं. त्याच्या मिशीला शेंगदाण्याचं टरफल होतं.

अप्पांचा दुसरा छंद म्हणजे दुसऱ्यांचे दिवे बंद करणं. कुणाच्याही घरी जाताना ते चपला उंबऱ्याबाहेर काढतात आणि हात आधी बटणावर ठेवतात. ‘काय चाललंय’ वगैरे नंतर. गल्लीतल्या एका लग्नात तर मांडवाच्या रोषणाईची मुख्य कळच त्यांनी ओढली. नवरा-नवरी, भटजी, जंगम, आचारी, सगळे अंधारात. अप्पा शांतपणे म्हणाले, “अक्षता दुपारी टाका. सूर्य फुकट हाय, त्याची राख बी पडत न्हाई.” वरबाप त्यांच्या अंगावर धावून गेला, पण अंधारात भलत्यालाच धरलं.

एका संध्याकाळी ते आमच्या घरात शिरले. आई मालिका पाहत होती. अप्पा टीव्हीसमोर उभे राहिले, दोन्ही हात मागे.

“वहिनी, लाखो वर्षांमागं एक जंगल व्हतं. ते जमिनीत दबलं. दबून दबून त्याचा कोळसा झाला. माणसानं डोंगर फोडून त्यो काढला, रेल्वेत घातला, परळीला आणला, जाळला. त्याला गार करायला धरणाचं पाणी वतलं, जे आपल्या नळाला येत न्हाई. एवढं समदं केलं. आन् त्याच्यावर तुमी काय बघताय? सासू सुनंला विष देती ते!”

“आज देणार नाही अप्पा,” आई म्हणाली. “आज नुसता पेला भरलाय. सरका जरा, दिसत नाही.”

अप्पा सरकले. मग खाली बसले. मग पूर्ण भाग पाहिला. शेवटी सुनेने पेला बदलला तेव्हा मांडीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी ‘टीव्हीची’ बरणी उघडून चिमूटभर राख टाकताना मला म्हणाले, “ह्यातली निम्मी माझी.” असा हा माणूस! खोटं बोलायचं म्हटलं तरी त्यांना जमत नाही.

एक गोष्ट मात्र ते रोज खोटी बोलतात, आणि ती सगळ्या गल्लीला माहीत आहे.

गिरजाकाकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, इथे राहत नाहीत. अंबाजोगाईला लेकीकडे असतात. काकूंना दम्याचा त्रास. मोठ्या रस्त्याने राख वाहणाऱ्या उघड्या हायवा टिपर गाड्या वाढल्या तसा त्यांचा श्वास आखडत गेला. एकदा तर दळणाचा डबा घेऊन कोपऱ्यावरच बसल्या आणि उठेनात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की औषध निम्मं काम करेल, उरलेलं हवेने करायचं. या रस्त्यावरची राख कमी होईपर्यंत इथे परत आणू नका. लेक आली आणि घेऊन गेली. तेव्हापासून अप्पा दुकानामागच्या घरात एकटे.

कुणी विचारलं तर म्हणतात, “सुखात हाय मी! भाजीत मीठ जास्ती टाकतो, कुणी बोलत न्हाई. भाषण करतो, कुणी थांबवत न्हाई.”

आणि दर रविवारी अंबाजोगाईची एसटी धरतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोरीने घट्ट बांधलेले धुतलेले कपडे. अंबाजोगाईच्या स्टँडवर उतरायचं, तिथल्या नळावर हातपाय, तोंड, मान धुवायची, आडोशाला जाऊन अंगावरचे कपडे काढायचे, पिशवीतले घालायचे, आणि मग लेकीच्या घरी जायचं. परळीची राख अंगावरून काकूंच्या खोलीत जाऊ नये म्हणून. स्टँडवरचा एक चहावाला बरेच दिवस समजत होता, की हा म्हातारा मुलगी पाहायला येतो आणि दर रविवारी नापास होतो.

आमचं सगळ्यांचं मागणं एवढंच: गाडीवर ताडपत्री टाका. राख गाडीत राहू द्या. त्यात कुणाचा धंदा बुडत नाही, कुणाची भट्टी विझत नाही. यासाठी मी पत्रकं काढली, सह्या घेतल्या, अप्पांना घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. एकदा एक साहेब पाहणीला आले. अप्पांनी त्यांना दुकानात बसवलं, पुढ्यात गरम पोह्यांची बशी ठेवली आणि बोलायला लागले. पोह्यांना हात लावायची उसंतच दिली नाही. समोरून गाड्या जात होत्या. बरंच बोलून झाल्यावर म्हणाले, “घ्या की सायब, गार झाले.”

साहेबांनी बशीकडे पाहिलं. “यावर हे काय आहे?”

“खोबरं न्हाई.”

साहेबांनी बशी सरकवली, पाहणी पूर्ण झाल्याचं सांगितलं आणि गाडीच्या काचा वर करून निघून गेले. अप्पा मागून ओरडले, “काच कावून लावता? तुमचीच हाय!”

असं चाललं होतं. मग महाशिवरात्र आली आणि सगळं उलटंपालटं झालं.

शिवरात्रीला परळी तुम्ही पाहिली नसेल तर एकदा पाहाच. रस्त्यावर माणसावर माणूस. लातूर, उदगीर, थेट कर्नाटकातून आलेली मंडळी, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. त्या दिवसापुरत्या अवजड गाड्या बंद असतात, पण आदल्या दिवसांची राख कुठे जाते? ती फळ्यांवर, छपरांवर, झाडांवर असतेच. अप्पांनी सकाळीच फळी झाडून बरण्या भरल्या होत्या आणि नंतर ते आत नारळाची पोती सोडत होते. मी समोरच्या ओट्यावर पत्रकं वाटत उभी होते.

उदगीरकडची एक जाडजूड आजीबाई दुकानापुढे थांबली. मागे सुना, नातवंडं, जावई. आजीने पाहिलं: दुकानात अप्पांची उदबत्ती लागलेली, भिंतीवर महादेवाचा फोटो, फळीवर बरण्या आणि बरणीत राख. वैजनाथाच्या दारात, लिंगायताच्या दुकानात, काचेच्या बरणीत जपून ठेवलेली राख म्हणजे दुसरं काय असणार? तिने डोळे मिटले, ‘फुकटच्या दिव्यांची’ बरणी उघडली, तीन बोटं बुडवली आणि स्वतःच्या कपाळावर ओढली. मग सुनांच्या. मग जावयाच्या. जावयाने वाकून नमस्कारही केला.

तिच्यामागे जे उभे होते त्यांनी ते पाहिलं. बास! पाहता पाहता रांग लागली. बरणीवरची चिठ्ठी कुणी पुरती वाचली नाही. एक जण दुसऱ्याला सांगू लागला की फुकट आहे, चिठ्ठीवरच लिहिलंय. हात पुढे येऊ लागले, कपाळं करडी होऊ लागली. कुणीतरी घरी न्यायला कागद मागितला आणि, देवा रे, माझ्याच हातातली पत्रकं लोक पुड्या बांधायला ओढून नेऊ लागले!

गलका ऐकून अप्पा बाहेर आले. डोक्यावर नारळाच्या शेंड्या. समोरचं दृश्य पाहून आधी त्यांना काही कळेचना.

“आवो बाई! काय करताय? ती इबूत न्हाई!”

“आसू द्या की अप्पा,” आजी म्हणाली. “लई थंड लागती कपाळाला. दोन पुड्या बांधा, शेजारणींना देते.”

“आवो ती कोळशाची हाय! कारखान्याची! गाडीतनं पडलेली!”

“महादेवाच्या गावात पडली न्हवं? मंग झालं की.”

अप्पा बरणीचं झाकण शोधू लागले. तेवढ्यात आजीच्या कडेवरच्या नातीने राखेचं बोट चाटलं आणि खोकली. लहान पोर, लहानसा खोकला. अप्पांचा चेहराच बदलला. त्यांनी त्या पोरीला उचललं, मागच्या घरात नेलं, प्यायच्या पाण्याच्या हंड्यातून तांब्या भरला आणि तिचं तोंड, हात, कपाळ धुतलं. मग आजीला बसवलं आणि तिचं धुतलं. मग रांगेतल्या एकेकाचं. आमच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे परळीकरांना सांगायला नको. अप्पांनी हंडा रिकामा केला, दुसरा उघडला. ज्याचं धुतलं त्याच्या कपाळावर आपल्या देव्हाऱ्यातल्या खऱ्या विभूतीच्या गोळ्याने तीन बोटं ओढली. “ही गाईच्या शेणाची. ही आपली. ती दुसरी आपण केलेली पापं हायत, ती कपाळाला न्हाई लावायची.” लोक हात जोडत होते, आणखी मोठ्या श्रद्धेने. जिथला दुकानदार स्वतः लोकांची तोंडं धुतो, ते दुकान म्हणजे काहीतरी थोरच असणार!

दुसऱ्या दिवशी मी गेले तर फळीवर लिमलेट, शेंगदाणे, वड्या. पुढच्या बरण्या रिकाम्या, धुऊन पालथ्या घातलेल्या.

“अप्पा, राख कुठे गेली?”

“मागं खड्डा घेऊन पुरली. लोकांना दाखवून काय उपेग? दाखवली तर पाया पडले.”

मला वाटलं म्हातारा खचला. मी पेटलेच! लढा असा सोडायचा नसतो, जनतेची जाणीव, संघटना वगैरे माझं सुरू झालं. अप्पांनी हात वर केला.

“ऐक पुढारीणबाई. तू पत्रक देतीस माणसाच्या हातात. हात झटकता येतो. म्या राख दाखवितो डोळ्याला. डोळा मिटता येतो. पर काल बघितलंस? कपाळ कुणी मागं घेतलं न्हाई. एकानं बी न्हाई.” त्यांनी विभूतीचा पांढरा गोळा तळहातावर ठेवला. “उद्या रस्त्यावर ये. पत्रकं आणू नको. दोरी ओढायला ये.”

मी गेले. आमच्या कोपऱ्यावर गतिरोधक आहे, तिथे प्रत्येक गाडी हळू होते. अप्पा ताम्हणात विभूतीचा ओला गोळा घेऊन तिथेच रस्त्याच्या मध्यभागी उभे राहिले. पहिली हायवा आली. मागे राखेचा ढीग, वरून वाफेसारखा धुरळा. ब्रेक करकचले.

“मरायचंय का अप्पा?” ड्रायव्हर ओरडला.

“मरायचं न्हाई म्हणून तर उभा हाय. खाली वाक.”

पोरगा केबिनमधून वाकला. अप्पांनी टाचा उंचावून त्याच्या कपाळावर तीन बोटं ओढली. पोराने आपोआप हात जोडले. इथला कुठलाही ड्रायव्हर विभूतीला नाही म्हणत नाही. केबिनमध्ये समोरच त्याचा महादेव लटकलेला असतो.

“आता ऐक. वैजनाथाच्या गावात, कपाळाला इबूत लावून, उघडी गाडी न्यायची न्हाई. ताडपत्री हाय?”

“हाय की. मागं गुंडाळून.”

“मंग बांध.”

“अप्पा, बांधायला टैम जातो. खेप बुडती. मालक शिव्या देतो, तुमाला काय जातंय?”

“गाव कंचं तुझं?”

“हितंच. ह्याच रस्त्याला फुडं.”

“घरी कोण हाय?”

“आई हाय.”

“खोकती का?”

पोरगा स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली, तिसरी, चौथी. हॉर्नवर हॉर्न. मागून कुणीतरी बोंबललं, “काय बे, चल की! झोपलास का?”

पोराने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “थांब की बे! इबूत लावून घे आदी!” आणि तो उतरला! चाकावर पाय देऊन वर चढला, ताडपत्रीची घडी सोडली, एक दोरी खाली फेकली. ती मी झेलली. माझ्या हाताचं साल निघेपर्यंत मी ओढली. आयुष्यात इतकी घोषणाबाजी केली, पण त्या दोरीसारखं समाधान एकाही घोषणेने दिलं नाही.

मागच्या गाडीचा ड्रायव्हर सलीम. अप्पा ताम्हण घेऊन आले तसा तो म्हणाला, “अप्पा, मैं मुसलमान हूँ ना.”

अप्पा थबकले. “मंग तुझ्या कपाळाला न्हाई लावत. ताडपत्री दे हिकडं.” आणि सलीमच्या निळ्या ताडपत्रीवर त्यांनी ठसठशीत तीन पट्टे ओढले.

सलीम पोट धरून हसला. “अब तो बांधनाच पडेगा. नंगी गाडी लेके गया तो तुम्हारे महादेव भी गाली देंगे, मेरी अम्मा भी.”

अख्खा रस्ता हसत होता. हॉटेलातला भजीवाला दोऱ्या ओढायला आला. माझी आई पदर खोचून आली. सगळे थांबले असं नाही. काही जण बगल देऊन निघून गेले, एकाने आईबहिणीवरून शिव्या दिल्या. दुपारी एक मालक मोटारसायकलवर तणतणत आला. “धंदा बंद पाडता का म्हाताऱ्या?”

“धंदा उघडाच ठिव,” अप्पा म्हणाले. “गाडी झाक. वाक खाली.”

तो वाकला नाही. पण बघ्यांच्या गर्दीत, भर चौकात, विभूती नाकारून जायचीही त्याची छाती झाली नाही. गाडीवर बसल्या बसल्या कपाळ जरासं पुढे केलं, न केल्यासारखं. अप्पांना तेवढं पुरलं.

त्यानंतर अप्पा रोज उभे राहिले. हळूहळू गतिरोधकाच्या आधीच ताडपत्र्या ओढलेल्या दिसू लागल्या. काही जण आमच्या कोपऱ्यापुरतीच ओढतात आणि पुढे सोडून देतात, हे मला माहीत आहे. त्यांचाही नंबर लागेल. पण आमच्या रस्त्यावर फरक पडला. दिसण्याजोगा पडला! समोरच्या कडुनिंबाची पानं हिरवी असतात हे आम्हाला पुन्हा समजलं. मी आनंदाने वेडी झाले. ‘परळीकरांचा विजय’ असं मोठ्या टायपात पत्रक लिहिलं आणि छापायच्या आधी अप्पांना वाचून दाखवावं म्हणून उन्हं कलताना त्यांच्या घरी धावत गेले. दुकानात नव्हते. मागच्या जिन्याने वर गच्चीवर गेले. तिथे मी कधीच गेले नव्हते.

गच्चीवर एक पांढरंशुभ्र धोतर अंथरलं होतं. चारी कोपऱ्यांवर धुतलेले दगड. उन्हाळ्यात आमच्याकडे असं जुनं धोतर कुरडया, पापड वाळवायला अंथरतात. या धोतरावर मात्र काहीच नव्हतं. अप्पा त्याच्याशेजारी उकिडवे बसले होते आणि फोन समोर खाली ठेवून मोठ्याने बोलत होते. पलीकडचा आवाज गिरजाकाकूंचा होता. त्या म्हणत होत्या, “...सकाळपास्नं अंथरलंय न्हवं? मंग बघा की बोट फिरवून.”

मी जिन्यातच थांबले. अप्पांनी धोतराच्या मधोमध बोट फिरवलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं. मलाही दिसलं. अगदी पुसट होतं. पूर्वी आमच्या गच्चीवर एका दिवसात करडा थर साचायचा, आता नुसती बोटाला सावली लागल्यासारखी. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की काकू, या! काही नाही इथे! मी तोंड उघडलंसुद्धा. अप्पांनी न बघताच तळहात माझ्याकडे केला.

“अजून हाय, गिरजा.”

फोनमधून काकूंचा श्वास ऐकू आला. बारीक शिट्टी वाजल्यासारखा.

“लई हाय का?”

“लई न्हाई. पर तुला लई व्हईल.”

“म्या म्हणलं, गहू भिजू घालते. चीक निघंपर्यंत पोरगी आणून सोडंल. औंदा कुरडया आपल्या गच्चीवर घालाव्या म्हणलं. हितं दुसऱ्याच्या गच्चीवर करमत न्हाई मला.”

अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, तसाच हातात धरून बसले.

“भिजू नको घालू अजून,” ते म्हणाले. एवढा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “निवडून ठिव. गहू निवडून तयार ठिव.”

“तुमी जेवलाव का?”

“जेवलो की.”

चूल तर मी येतानाच पाहिली होती. गार होती.

फोन बंद झाल्यावर अप्पा उठले. माझ्या हातातल्या कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही, मीही तो खिशात कोंबला. “त्ये टोक धर,” म्हणाले. “हळू. झटकू नको, उडंल.” आम्ही दोघांनी दगड उचलले आणि ते धोतर आतल्या बाजूला घडी घालत, राख आतच राहील असं, सावकाश दुमडलं. त्यांनी ते काखेत धरलं आणि उद्यासाठी धुवायला खाली नेलं.

विजयाचं पत्रक मी छापलं नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे, आणि वाचणाऱ्या तुम्हाला एक काम सांगते आहे.

तुमच्या गावच्या रस्त्यावर राखेची, वाळूची, मुरमाची उघडी गाडी चहाच्या टपरीपाशी थांबलेली दिसली, की जवळ जा. ड्रायव्हरशी भांडू नका, त्याचीही आई त्याच रस्त्यावर राहते. ताडपत्री टाकायला सांगा आणि एक दोरी स्वतःच्या हातात घ्या. तो विचारेल, कशासाठी? त्याला सांगा, परळीच्या एका बाईने गहू निवडून ठेवलाय.